चित्रकथीची सुटी पानं विकत घ्यावीत का?

शेवंता
माझं मत आधीच सांगून टाकते: घेऊ नयेत. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला. तिची पोथी म्हणजे सुट्या पानांचा गठ्ठा दिसतो, पण एका पोथीत एकच आख्यान असतं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर समाजातले कलावंत वीणा, टाळ, हुडुक (छोटं चर्मवाद्य) घेऊन बसतात, एकेक चित्र समोर धरतात आणि गोष्ट पुढे नेतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग. त्यातलं एक पान उचलून काचेत बसवलं की उरलेली पोथी लंगडी. ओळखीच्या एका संग्राहकाकडे रामायणातल्या युद्धाचं देखणं पान आहे, मोठाले डोळे, ठसठशीत रेषा. "आधीचं पान कुठंय?" विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही. शंभर वर्षांपूर्वीची म्हणून जी लोककला विकली जाते, तिची बहुतेक हीच गत. कोणी काढलं, कुठलं गाव, कुठलं आख्यान, काही नाही. नुसतं 'जुनं'.

पितळी_डबा
ऐकायला छान आहे हो. पण कोकणातल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, कसर लागते, तेव्हा तत्त्वं कामाला येत नाहीत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, तेव्हा लोक जुने दिवे आणि अडकित्ते मोडीत घालत होते. त्यांनी संदर्भ शोधत हात आखडता घेतला असता तर आज ते संग्रहालय दिसलं नसतं. १९७५ साली सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. संग्राहक म्हटला की लगेच हावरट का?

शेवंता
हावरट म्हटलेलं नाही. अडकित्ता एकटा पूर्ण असतो, पोथीचं पान नसतं. एवढंच.

खडूफळा
थोडं अवांतर, पण संग्राहकांनी वाचावं. मला मध्यंतरी कागदावरची '१९१० ची वारली' दाखवण्यात आली. हसू दाबलं. त्या काळी ही चित्रं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने काढली जायची, लग्नातला चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी मांगलिक चित्र म्हणून. कागदावर ती आली १९७० च्या दशकात, चित्रकार भास्कर कुलकर्णी आणि वारली कलावंत जिव्या सोमा मशे यांच्या काळात. त्यामुळे कागद जुनाट दिसतो म्हणून भुलू नका, चहाच्या पाण्यानेही तो पिवळा होतो.

आणि कायदाही बघा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं. त्याची नोंदणी करावी लागते, परदेशी नेता येत नाही. म्हणजे १९२० च्या दशकातली चित्रं आता वर्षागणिक त्या रेषेपलीकडे जात आहेत. 'भाच्याकडे अमेरिकेला पाठवतो' म्हणणाऱ्यांनी थांबावं.

आडवाट
मला दोघांचंही पटत नाही. ज्याच्या घरातून पोथी निघते त्याच्याबद्दल कोणी बोलेल का? चित्रकथीचे खेळ बंद पडले, पोरं शहरात गेली, घराचं छप्पर गळतंय. अशा माणसाने पान विकलं तर त्याला संस्कृतीचा मारेकरी ठरवायचं, आणि घेणाऱ्याला तारणहार? त्याला भाव नीट मिळाला का, हा पहिला प्रश्न. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी स्वतःच संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे सांभाळणारे तिथेच आहेत. ज्याला खरंच कळकळ आहे त्याने त्यांच्याकडून नवीन चित्र घ्यावं, खेळाचे पैसे मोजावेत. पण नव्याला कोण विचारतो! भिंतीवर 'जुनं आहे' म्हणून मिरवता येत नाही ना.

पितळी_डबा
हा टोला लागला, पण नवं घेतल्याने जुनं वाचत नाही. दोन्ही करावं. माझ्याकडे दोन पानं आहेत आणि ती मी परत करणार नाही, स्पष्टच सांगतो. लॅमिनेशन केलेलं नाही, सेलोटेप लावलेली नाही, उन्हापासून लांब ठेवली आहेत. फार तर फोटो काढून देतो. कुणाकडे पुढचं-मागचं पान असेल तर जुळवून बघा.

शेवंता
द्या. पाठीमागच्या बाजूचाही काढा.

पितळी_डबा
मागे पुठ्ठा चिकटवलेला आहे. घेतलं तेव्हापासून.

आडवाट
झालं. म्हणजे अर्धा प्रसंग पुठ्ठ्याखाली.