मदत हवी आहे: हरिकेनच्या कॅमोफ्लाजची कड खरखरीत येतेय

हॉकर हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं मॉडेल करतोय, १९४० ची रंगसंगती: वर डार्क अर्थ (मातकट तपकिरी) आणि डार्क ग्रीन, खाली स्काय (फिकट हिरवट). डार्क अर्थ मस्त बसला. हिरवा मारताना मात्र कडेला बारीक दाणे उडतात, बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखं लागतं.

एअरब्रशचं (रंग फवारायच्या पेनचं) नोझल ०.३ मिमी, हवेचा दाब २० पीएसआय, अ‍ॅक्रिलिक रंग आणि थिनर निम्मे-निम्मे. दाब १२ वर आणला की सुईच्या टोकावरच रंग सुकतो. सांगलीतला उन्हाळा, म्हणून रात्री मारून पाहिलं, फरक थोडाच. ब्लू टॅकच्या (चिकट पुट्टीच्या) वळ्या चिकटवून मास्किंग केलं, म्हणजे रंग नको तो भाग झाकला, तर कड इतकी धारदार आली की विमान खेळण्यातलं वाटायला लागलं!

उग्र वासाचे इनॅमल रंग नको, घरात तान्हं बाळ आहे. रिटार्डर (रंग हळू सुकवणारं द्रव्य) मागवायची तयारी आहे.

आधी रंग आणखी पातळ करू की रिटार्डर घालू? आणि वळी किती जाड ठेवली तर कड मऊ येईल?