फॉरमॅट मारू की नको? लवकर सांगा

बोरूबहाद्दर: मंडळी, दुकानातला पीसी प्रचंड स्लो झालाय. चालू करून चहा पिऊन यावं तरी डेस्कटॉप आलेला नसतो. पत्रिका जुळवायचं पेजमेकर उघडलं की माउसही हलत नाही. लग्नसराई तोंडावर, पत्रिकांची कामं अडलीत. गल्लीतला मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारून, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून, विंडोज नवीन टाकतो, संध्याकाळी घेऊन जा. मारू का? डेटा सगळा डी ड्राइव्हला आहे, ती काळजी नाही. हो की नाही एवढंच सांगा.

ताकभात: कुठलं विंडोज? रॅम किती? वेगवान एसएसडी डिस्क की जुनी हार्डडिस्क?

बोरूबहाद्दर: नेहमीचंच विंडोज हो. फॉरमॅटचं विचारलंय मी.

पेंग्विनप्रेमी: नेहमीचं म्हणजे १० असणार. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, जुन्या पीसीत नसेल. सरळ विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे.

सातारकर७: त्यावर पेजमेकर चालवून दाखवा, मग बोला. बोरूशेठ, बिनधास्त मारा. मी दरवर्षी दिवाळीआधी मारतो, पीसी पळतो नुसता.

ताकभात: दरवर्षी? ही विंडोज ९८ च्या काळातली खोड. आता स्टार्टअपची भरताड, म्हणजे पीसीबरोबर आपोआप चालू होणारे प्रोग्राम, बंद केली तरी पुष्कळदा भागतं.

सातारकर७: तुमचं भागत असेल.

चिंचगूळ: प्रिंटर स्लो असेल तर ड्रायव्हर काढून परत टाका, माझं त्यानेच झालं.

गोधडी: बोरू, सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क आहेत की एकाचेच दोन भाग? आणि आवाज येतो का?

बोरूबहाद्दर: डिस्क एकच आहे. मध्येच कट्-कट् करते, पण ते जुनंच आहे.

गोधडी: हे आधी सांगायचं ना! फॉरमॅटला हात लावू नका. डिस्क गेली की सी-डी दोन्ही एकदम जाणार. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा, ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि सी५ (वाचता न येणारे सेक्टर) या ओळींपुढे काय दिसतं ते लिहा.

बोरूबहाद्दर: वर पिवळ्यात कॉशन लिहून आलंय. ०५ पुढे सगळे शून्य. सी५ पुढे शून्य शून्य करत शेवटी १बी८.

गोधडी: तो आकडा हेक्समध्ये (१६ च्या पटीत मोजलेला) असतो, म्हणजे ४४० सेक्टर, डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचताना डिस्क अडखळतेय. पीसी त्यामुळेच रखडतोय, नवीन विंडोजने काही होणार नाही. आजच बाहेरची डिस्क लावून कॉपी सुरू करा, चालू ऑर्डरी आधी. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सी वरच असतात, ते विसरू नका. आणि सी मधल्या विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर! श्रीलिपी, कृतिदेव जे वापरता ते जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट गेले तर पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

ताकभात: चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल चालवायला कोणी सांगेल, आत्ता नको. मरायला टेकलेली डिस्क अख्खी वाचत बसेल ती.

पेंग्विनप्रेमी: अजून कृतिदेव? सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडवर या की आता.

गोधडी: पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन २००१ चं, त्याला युनिकोड कळत नाही. गिऱ्हाईक जुनीच पत्रिका नावं बदलून मागतं. तो वाद वेगळ्या धाग्यावर घाला.

बोरूबहाद्दर: फॉन्ट आणि चालू कामं आली. मागच्या वर्षीचं फोल्डर ६१ टक्क्यांवर अडकलंय. कॅन्सल करू? आणि फॉरमॅटचं काय ठरलं?

गोधडी: करा कॅन्सल. बाकीचं आधी घ्या, ते शेवटी बघू. त्या मुलाला सांगा, नवीन एसएसडी आण, विंडोज तिच्यावर टाक. जुनी काढून बाजूला ठेवायची, पुसायची नाही.

पेंग्विनप्रेमी: अडकलेल्या फोल्डरसाठी मिंट पेनड्राइव्हवरून चालू करून डीडीरेस्क्यू वापरा, ते अख्ख्या डिस्कची कॉपी काढतं. खराब जागा सोडून आधी चांगला भाग उचलतं. फक्त कॉपी जाईल ती डिस्क रिकामी आणि जुनीपेक्षा मोठी हवी, तिच्यावरचं सगळं पुसलं जातं.

सातारकर७: शेवटी घुसवलाच लिनक्सचा पेंग्विन.

गोधडी: या वेळी बरोबर बोलतोय तो.

बोरूबहाद्दर: ५०० जीबीची एसएसडी केवढ्याला पडेल? कोणी तरी पटकन सांगा, तो मुलगा दारात उभा आहे.