देनियाजवळचा व्हिला: 'भाड्यात हप्ता निघतो' म्हणणाऱ्यांना उत्तर

खारा वारा: काल एकाने इथे फोरमवर स्पेनमधल्या देनियाजवळच्या व्हिलाची जाहिरात टाकली. मोंतगो डोंगराच्या पायथ्याशी, चार बेडरूम, स्विमिंग पूल, जुन्या रियुराऊचं (दगडी कमानींच्या शेडचं) 'पार्टी टेरेस' केलेलं, साडेसहा लाख युरो. वर लिहिलं की भाड्यात हप्ता निघतो आणि व्हिसाही मिळतो. वाचून झोप उडाली कारण माझ्या मावसभावाने असंच काहीतरी वाचून पैसे अडकवलेत. व्हिसा मिळत नाही हो! घर घेऊन रहिवास मिळण्याची ती पाच लाख युरोची गोल्डन व्हिसा योजना ३ एप्रिल २०२५ ला बंद झाली. आता घर तुमचं असलं तरी युरोपच्या शेंगेन पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. जुनं घर घेताना वालेन्सिया स्वायत्त प्रदेशात नऊ-दहा टक्के ट्रान्सफर टॅक्स, म्हणजे साठेक हजार युरो तिथेच गेले, वकील नोटरी वेगळे. आणि भाडं? युरोपियन युनियनबाहेरच्या मालकाला भाड्यावर २४ टक्के कर, तोही खर्च वजा न करता. पूलवाला, माळी, विमा सगळं खिशातून. हप्ता कुठून निघणार ते सांगा.

पेन्शनर कोथरूड: तुम्ही फक्त घाबरवताय. आम्ही दोघं गेलो होतो देनियाला, किल्ल्यावर चढून बंदर बघितलं, तिथून इबिझाची फेरी सुटते, संध्याकाळी लाल कोळंबी खाल्ली, शहराला २०१५ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीसाठी निवडलंय. इतकी वर्षं नोकरी केल्यावर माणसाने समुद्र बघत बसावं की नाही? व्हिसाचंही, नोकरी न करता राहायचा व्हिसा आहे की, एकट्याला महिन्याला साधारण २४०० युरोचं उत्पन्न दाखवायचं आणि आरोग्य विमा काढायचा.

खारा वारा: तो व्हिसा आहे, मान्य. पण तो घरामुळे मिळत नाही, उत्पन्नामुळे मिळतो, भाड्याच्या घरात राहूनही मिळतो. मग घर कशाला घ्यायचं? आणि भारतातून पैसे नेणार कसे, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, वर दहा लाख रुपयांपुढे २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर.

पेन्शनर कोथरूड: टीसीएस हा खर्च नाही, रिटर्न भरताना वजा होतो नाहीतर परत मिळतो. हे न सांगता २० टक्के लिहिलंत म्हणजे लोकांची दिशाभूल आहे. आणि नवराबायको मिळून अर्धे मार्चमध्ये, अर्धे एप्रिलमध्ये पाठवले की त्या मर्यादेत बसतं.

खारा वारा: बरं, टीसीएसचं बरोबर आहे तुमचं, मी अर्धवट लिहिलं. पण ती रक्कम रिटर्नपर्यंत अडकून राहतेच.

तासगावकर: मला व्हिसाचं काही देणंघेणं नाही पण त्या जाहिरातीतल्या 'पार्टी टेरेस'चा मला राग आलाय. रियुराऊ म्हणजे काय माहितीय का? बेदाण्याची शेड! दगडी कमानी, बाजू उघडी. मोस्कातेल द्राक्षं राखेच्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून काढायची, बोरूच्या चटयांवर अंगणात पसरायची आणि दव किंवा पाऊस आला की चटया उचलून आत. आम्ही आज डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेट वापरतो, जाळीचे रॅक लावतो, बाकी डोकं तेच. देनिया मोठं झालं ते त्या बेदाण्यावर, एकोणिसाव्या शतकात इंग्रज व्यापारी तिथेच राहायचे, त्यांचं दफनभूमीचं आवारसुद्धा आहे गावात. मग फिलॉक्सेरा किडीने वेली खाल्ल्या आणि धंदा बसला.

पेन्शनर कोथरूड: बसला ना धंदा? मग शंभर वर्षं रिकाम्या पडलेल्या कमानींचं काय करायचं होतं, पडू द्यायच्या? कोणीतरी विकत घेतलं म्हणून त्या उभ्या आहेत.

तासगावकर: अहो तिथेच शेजारी हेसूस पोब्रे गावात रियुराऊखाली रविवारी शेतमालाचा बाजार भरतो, बेदाणा बुडवायची जुनी पद्धत लोकांना करून दाखवतात. कमानी उभ्याही राहिल्या आणि गावाच्याही राहिल्या. आमच्याकडे आजोबांची शेड काकांनी विकली, अवकाळीने सलग दोन वर्षं माल काळा पडला होता, दुसरं काही करता आलं नसतं हे मलाही कळतं. आता तिथे लग्नाचं लॉन आहे. रॅकचे अँगल गंजून मागे पडलेत. मी त्या रस्त्याने जात नाही. म्हणून सांगतो, जाहिरातीत त्याला टेरेस म्हणू नका, त्याचं नाव लिहा.

मोगरा: तासगावकर, तुमचं दुःख समजतं पण सगळा धागा बेदाण्यावर गेला.

तासगावकर: जाऊ दे की! तुम्हाला ज्या गावात घर घ्यायचंय त्या गावाने पोट कशावर भरलं हे कळायला नको? रिकामा तर तो मुलूख १६०९ मध्येही केला होता, मोरिस्को (बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमान) शेतकऱ्यांना याच बंदरातून जहाजात घालून हाकललं. आता हिवाळ्यात डोंगरावरचे बंगले अंधारात आणि गावातल्या पोरांना भाडं परवडत नाही.

वालेन्सियाहून: मी इथे नऊ वर्षं राहते, भाड्याचं बरोबर आहे, आमच्या ऑफिसातली मुलं तिशीतही आईवडिलांकडे राहतात. पण सगळा दोष परदेशी मालकाचा नाही, सरकारने परवडणारी घरं फार कमी बांधलीत. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान सांचेझ यांनी बिगर-युरोपियन, इथे न राहणाऱ्या खरेदीदारांवर शंभर टक्क्यांपर्यंत कराचा प्रस्ताव मांडला होता, वारं कुठे वाहतंय ते बघा. आणि कृपा करून कागद बघा. आम्ही मोंतगोच्या बाजूलाच एक घर बघितलं, ६००० युरो टोकन दिलं, वकील एजंटनेच सुचवलेला. नोता सिंप्ले काढली (सातबारासारखा उतारा समजा) तर पूल आणि मागची खोली कागदावर नाहीच. जमीन शेतीची, जिथे नवीन घराला साधारण एक हेक्टर लागतं. एजंट म्हणाला इथे सगळ्यांचं असंच असतं. टोकन परत मिळायला सात महिने लागले, नवऱ्याचं आणि माझं त्यावरून रोज भांडण.

पेन्शनर कोथरूड: हे मला माहीत नव्हतं. पण सगळे एजंट तसे नसतात.

वालेन्सियाहून: नसतीलही. तुम्ही घ्यायला निघालेल्या त्या जाहिरातीतल्या घराची जमीन कोणत्या प्रकारची आहे ते विचारलंत का? २०१४ च्या सप्टेंबरात मोंतगोवर वणवा लागला होता, डोंगराला लागून घर असेल तर विम्याचंही विचारा. पर्यटकांना द्यायचं तर नगरपालिकेचा दाखला आणि पर्यटन नोंदणीचा नंबर लागतो, तो घरावर आहे का तेही.

पेन्शनर कोथरूड: नाही विचारलं. फोटोत समुद्र दिसला आणि बायको म्हणाली हेच. उद्या उतारा मागवतो. वकील तुमच्या ओळखीचा असेल तर कळवा, एजंटचा नको. बाकी मला तिथे राहायचंच आहे, यावर मी ठाम आहे.

तासगावकर: आणि घेतलंत तर कमानींना काचा लावू नका, काका. वारा आत यायलाच बांधल्यात त्या.