फेंटरमिनची गोळी: वेळ, मात्रा आणि खबरदारी

प्रश्न: डॉक्टरांनी भूक कमी करण्यासाठी फेंटरमिन ३७.५ मिग्रॅ, रोज सकाळी एक, असं लिहून दिलंय. एखाद्या दिवशी सकाळी राहून गेली तर संध्याकाळी घेतली तर चालेल का? आणि बीपीकडे किती लक्ष द्यायचं?

उत्तर १: संध्याकाळी अजिबात नको. औषध उत्तेजक आहे, रात्रभर डोळा लागणार नाही. राहिली तर त्या दिवसापुरती सोडा. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. नाश्त्याआधी किंवा नाश्त्यानंतर तासा-दोन तासांत घ्यायची. तोंड कोरडं पडतं, पाणी जवळ ठेवा.

उत्तर २: बीपी सुरुवातीपासून लिहून ठेवाच. आधी अर्धा तास चहा-कॉफी नको, पाच मिनिटं शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवा, मग मोजा. नाडीचा आकडाही टिपा. छातीत दुखलं, चालताना नव्याने धाप लागली किंवा पाय सुजले तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठा. हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल (हायपरथायरॉइड) किंवा गर्भारपण असेल तर हे औषध चालतच नाही.

उत्तर ३: सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) आहे का, तेही बघा, दोन्ही मिळून बीपी चढतं. मधुमेहावर इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी झाल्यावर साखर उतरू शकते, मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्या. काही आठवड्यांनी भूक परत वाढली म्हणून स्वतःहून डोस वाढवू नका, तिथेच लोक चुकतात.