अनुभव धागा : बँकेतली उन्हाळी इंटर्नशिप – हातात काय पडलं?

परीक्षा संपल्या की दरवर्षी मुलं तोच प्रश्न घेऊन येतात : बँकेत आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली आहे, तिथे नेमकं करायचं काय असतं? भांडवल पर्याप्तता, बाझेलचे (बँकांसाठीचे आंतरराष्ट्रीय) नियम, व्याजदराची जोखीम, सगळं त्यांनी वाचलेलं असतं. पण पहिल्या दिवशी कुठल्या टेबलाशी बसवतात, हातात काय देतात, चूक झाली तर पुढे काय, हे कोणी सांगत नाही. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी इथे मनापासून लिहा. "खूप शिकायला मिळालं" एवढ्याने कोणाचं भागत नाही. एखादं काम, एखादा आकडा, एखादा दिवस नीट सांगा. सुरुवात मी करते.

मला रिकन्सिलिएशनला बसवलं होतं. आपल्या बँकेच्या खतावणीतल्या नोंदी आणि समोरच्या बँकेचा उतारा यांची एकेक ओळ जुळवत जायचं. चौथ्या दिवशी ३६० चा फरक राहिला. मी दोन तास खुणा करत बसले, पण ३६० ची नोंद कुठेच सापडेना. डोळे चुरचुरायला लागले. शेजारच्या टेबलावरचे साहेब उठून आले, फरक बघितला आणि म्हणाले, "९ ने भाग जातो का बघ." जात होता, उत्तर ४०. "मग आकडे उलटसुलट झालेत. शेजारशेजारच्या दोन अंकांत ४ चा फरक असेल अशी रक्कम शोध, शतकाच्या आणि दशकाच्या जागी." पाच मिनिटांत सापडली : उताऱ्यात ८,७३०, आमच्याकडे ८,३७०.

शेजारचे दोन अंक उलटले की पडणाऱ्या फरकाला ९ ने भाग जातोच, हे शाळेतलं गणित. ते मला येत होतं. ते इथे वापरायचं असतं हे मात्र साहेबांनी दाखवलं. त्यांनी आणखी एक सांगितलं : ९ ने भाग गेला नाही तर फरक निम्मा करून तो आकडा शोधायचा, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट दिसतो. त्या दिवसापासून आधी फरकाकडे नीट बघायचं आणि मग शोधायला लागायचं, अशी सवय लागली.

* * *

मी काउंटरवर होतो. आमच्या शाखेत इंटर्नला सिस्टीमचा पासवर्ड मिळत नाही, त्यामुळे मॅडमच्या मागे खुर्ची टाकून नुसतं बघायचं. पहिला आठवडा फार कंटाळवाणा गेला, आणि मग तो दिवस आला.

एक वयस्क गृहस्थ आले. ठेव मोडून सगळी रक्कम दुसऱ्या खात्यावर पाठवायची होती, तीसुद्धा ताबडतोब. फोन कानाला लावलेलाच. मॅडम एरवी भराभर काम करणाऱ्या, पण त्या दिवशी मुद्दाम हळू झाल्या. फॉर्म शोधला, पेन बदललं, सही पुन्हा घेतली. मग एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, "फोनवर कोण आहे?" आणि चिठ्ठी काचेखालून सरकवली. त्यांनी ती वाचली आणि त्यांचा हात थरथरायला लागला. पलीकडचा माणूस आपण पोलीस अधिकारी असल्याचं सांगत होता, आणि फोन बंद करायचा नाही, कोणाला काही बोलायचं नाही अशी तंबी देत होता.

पैसे गेले नाहीत. मॅडमनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, मुलीला फोन लावून दिला. नंतर मला म्हणाल्या, "घाई आणि गुपित दोन्ही एकदम आले की आपण थांबायचं." केवायसीचं प्रकरण मी परीक्षेसाठी तीनदा वाचलं होतं. एकदा पाठवलेली रक्कम परत आणणं किती कठीण असतं, कारण ती काही मिनिटांत पुढच्या चार खात्यांत फुटते, हे मला त्या दुपारी समजलं.

* * *

माझा अनुभव कर्ज विभागातला. एका छोट्या कारखान्याची फाइल वाचायला दिली होती, खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून हवी होती त्यांना. विक्री २,००० वरून २,४०० वर गेलेली, नफाही वाढलेला. मी अर्ध्या पानात लिहून टाकलं : प्रगती चांगली, मंजुरीस हरकत नाही.

सरांनी कागद वाचला आणि विचारलं, "नफा झाला, मग पैसे कुठे आहेत?" मी गप्प. त्यांनी ताळेबंदातल्या येण्यांवर, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या रकमेवर, बोट ठेवलं. आदल्या वर्षी २५०, यंदा ७२०. भागिले विक्री, गुणिले ३६५. आदल्या वर्षी गिऱ्हाइकांकडून पैसे यायला साधारण ४६ दिवस लागत होते, आता ११०. माल गेला, बिल फाटलं, नफा वहीत दिसला, पण पैसा हातात आलाच नाही. विक्री वाढलेली दिसावी म्हणून उधारी सैल सोडली होती का, की एकच मोठं गिऱ्हाईक अडकलं होतं? सरांनी येण्यांची वयवार यादी मागवली, म्हणजे कोणाकडचे पैसे किती दिवसांपासून यायचे आहेत ती. निम्म्याहून जास्त रक्कम एकाच नावावर निघाली.

सरांनी अर्ज फेटाळला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. मालकांना बोलावून घेतलं, त्या एका गिऱ्हाइकाबद्दल सविस्तर विचारलं, मर्यादा थोडी वाढवली आणि दर महिन्याला येण्यांची यादी द्यायची अट घातली. कर्ज देणं म्हणजे हो किंवा नाही एवढंच, असं मी तोवर समजत होते.

* * *

इन्व्हेस्टमेंट बँकेत जाणाऱ्यांसाठी लिहितो. तिथलं काम म्हणजे एक्सेल आणि सादरीकरणाच्या स्लाइड, आणि रात्र. हाताने भरलेला आकडा निळा, सूत्राने आलेला काळा, हा रंगांचा रिवाज पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडून घ्या. मी एकदा घाईत एका सूत्रावर आकडा टाइप केला आणि तसाच सोडला. गृहीतकं बदलली तरी तो आकडा जागचा हलला नाही, आणि पहाटे दोनला सगळं पुन्हा करावं लागलं.

आपण लहान, आपण काय तपासणार, असं मनात आणू नका. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांची सरकारी कर्जावरची मांडणी वर्गातला अभ्यास म्हणून पुन्हा करून बघितली, आणि त्यांच्या एक्सेलच्या सरासरीत पाच देशांच्या ओळी धरल्याच नव्हत्या हे दाखवून दिलं.

आणि झोपेबद्दल. त्याच वर्षी लंडनमध्ये एका बँकेत उन्हाळी इंटर्नशिप करणारा २१ वर्षांचा मुलगा अपस्माराच्या झटक्याने गेला. थकव्याने तो झटका आला असू शकेल, पण तसं ठामपणे म्हणता येत नाही, असं चौकशीत नोंदवलं गेलं. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सने आपल्या इंटर्नना मध्यरात्र ते सकाळी सात या वेळेत ऑफिसात थांबायला मनाई केली. माझ्या वरिष्ठांना मी एकदा सरळ सांगितलं होतं की आता आकडे नीट दिसत नाहीत, सकाळी करतो. ते चालतं. बोलून बघा.

* * *

माझं दुखणं वेगळं. मला आठ आठवडे कामच दिलं नाही. कागद स्कॅन कर, फाइल वर ठेव, फाइल खाली ठेव. मार्गदर्शक म्हणून ज्यांचं नाव होतं ते मला दोनदा भेटले. याचा राग अजून गेलेला नाही. शिकायला आलेल्या मुलाचा उन्हाळा असा वाया घालवू नये.

पाचव्या आठवड्यात मी स्कॅन करता करता बुडीत कर्जांच्या जुन्या फाइली वाचायला लागलो, तशी परवानगी मागून घेतली. पहिला हप्ता चुकल्यावर लिहिलेलं पत्र, मग दुसरं, मग वकिलाचं. प्रत्येक फाइलमध्ये एक कागद असा होता की तिथे कोणीतरी एक फोन केला असता तर गोष्ट बदलली असती. तेवढंच माझ्या पदरात पडलं.

* * *

मी पलीकडच्या बाजूची, इंटर्न सांभाळणारी. वर कामच न मिळालेल्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. आमच्यात असं घडतं हे खरं आहे.

एक समजावून सांगते. तुम्हाला नोंद करू देतात पण मंजूर करू देत नाहीत, याचा अपमान वाटून घेऊ नका. मेकर-चेकरचा, म्हणजे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, हा नियम शाखाप्रमुखालाही लागू असतो. १७६२ पासून चालत आलेली बेरिंग्ज बँक १९९५ मध्ये बुडाली. सिंगापूरमध्ये सौदे करणारा आणि त्या सौद्यांचा हिशेब मिटवणाऱ्या विभागावर देखरेख ठेवणारा माणूस एकच होता, निक लीसन. ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात त्याने तोटा दडवत नेला, तो ८० कोटी पौंडांच्या वर गेला. शेवटी ती बँक एका पौंडाला विकली गेली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते : चूक झाली की दहा मिनिटांत माझ्याकडे या. त्याच दिवशी कळलेली चूक एका उलट नोंदीने सुटते.

* * *

थोडक्यात लिहिते. माझ्या शेवटच्या दिवशी सस्पेन्स खात्यातली एक नोंद उघडीच राहिली होती. बाहेरून आलेली रक्कम, कोणाची ते कळत नव्हतं. मी तिच्यावर चार दिवस घालवले होते. निघताना मॅडमच्या हातात माझ्या टिपणांचा कागद दिला : कोणाला काय विचारलं, कोणाचं उत्तर यायचंय. कॉलेज सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. पाठवणाऱ्या बँकेचं उत्तर आलं होतं, खाते क्रमांकातला एक अंक चुकला होता. रक्कम ज्या बाईंची होती त्यांच्या खात्यात त्याच दिवशी जमा झाली.