घरच्या मशीनवर १६८, लॅबमध्ये १४१: मग लॅबला पैसे कशाला?

औसेकर
आमचे अण्णा ७१ वर्षांचे, शुगर जुनी. परवा सकाळी उपाशीपोटी बोट टोचलं, मशीनवर १६८. तासाभरानं तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर शिरेतून रक्त दिलं. संध्याकाळी लातूरहून रिपोर्ट आला, १४१. अण्णा खुश, 'मशीन फेकून दे' म्हणायलेत. माझं मत उलटं. मे महिन्याच्या उन्हात ते रक्त डब्यात किती वेळ हिंडलं कुणाला ठाऊक! मशीन डोळ्यांदेखत आकडा देतं. दर तीन महिन्याला लॅबला पैसे घालण्यापेक्षा तेवढ्याच्या पट्ट्या आणाव्यात. पटत नसेल तर कारण सांगा, नुसतं 'डॉक्टरांना विचारा' नको.

राखाडी_झाकण
बीडला लॅबमध्ये रक्त काढतो, त्यामुळं भांडायलाच आलोय. मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकातच सूट आहे. शुगर १०० च्या वर असेल तर १५ टक्के कमी-जास्त चालतं, आणि तेही शंभरातल्या ९५ वेळाच. खरी शुगर १४१ असेल तर १२० ते १६२ काहीही दाखवलं तरी मशीन पास. तुमचं १६८ त्याच्याही बाहेर गेलंय. डबी कुठं ठेवता? बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. आपल्याकडं मेमध्ये पत्र्याखाली मध्यरात्रीसुद्धा तेवढं उतरत नाही. आणि टोचण्याआधी हात धुतले होते का?

रक्ताच्या प्रवासाचं बोललात ते मात्र खरं. साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी साखर खातच राहतात, तासाला पाच-सात टक्के. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइडची ट्यूब. तीसुद्धा पहिला तास-दोन तास साखर पुरती रोखत नाही. सेंटरवर विचारा, रक्त गरगर फिरवून पेशी तिथंच वेगळ्या करता की लातूरला गेल्यावर? विचारलं म्हणून कुणी चावत नाही.

औसेकर
डबी देवघराच्या कोनाड्यात, वर पत्राच. हातांचं विचारलं तर अण्णा म्हणाले, 'गाईला गुळाचा खडा देऊन आलो होतो.' बरं, ते १६८ सोडून देऊ. पण मग १४१ तरी खरं कशावरून? तुम्हीच म्हणता, वाटेत साखर कमी होते.

उदगीरची_सून
दादा, तुम्ही दोघं उपाशीपोटीच्या आकड्यावरच अडून बसलात. आमच्या सासूबाईंचं मशीन रोज सकाळी ११०-१२० दाखवायचं. वहीत लिहून ठेवायचो, सगळे निवांत. डॉक्टरांनी तीन महिन्यांची टेस्ट, एचबीएवनसी, करायला लावली तर ८.४! म्हणजे सरासरी १९० च्या पुढं. मशीन खोटं नव्हतं हो. आम्ही टोचायचोच फक्त सकाळी. दुपारी भाकरीवर गुळाचा चहा, चार वाजता शेजारणीकडं पुन्हा चहा, ते वहीत कुठून येणार? तुम्ही लॅबचे पैसे वाचवणार आणि पट्ट्या सगळ्या पहाटेच संपवणार. माझं स्पष्ट मत, तुमचा हिशोब चुकतोय.

गोदाकाठ_परभणी
ताईंचं पटलं, पण एचबीएवनसीला देव करू नका. माझ्या बायकोचं हिमोग्लोबिन ८ होतं, एचबीएवनसी आली ६.८. साडेसहाच्या वर म्हणजे डायबेटिस, घरात सुतकी चेहरे. लॅबची उपाशीपोटीची ९६, जेवणानंतरची १३२. डॉक्टर म्हणाले, लोह कमी असलं की ही टेस्ट उगीच वर दाखवते. लोहाच्या गोळ्या झाल्यावर तीच टेस्ट ५.९. आपल्याकडं बायकांचं हिमोग्लोबिन कमी असणं काही नवं नाही, त्यामुळं हे गावोगाव होत असणार.

राखाडी_झाकण
बरोबर. आणि अशा रक्तात घरचं मशीनही जरा जास्तच दाखवतं, हेही वहीत लिहा. म्हणून डायबेटिस आहे की नाही हे मशीनवर कुणीच ठरवत नाही, ते लॅबचं काम. गोळी लागू पडतेय का, इन्सुलिन घेणाऱ्याला घाम फुटला तर शुगर उतरली का, हे मशीनचं. रात्री दोन वाजता लॅब उघडी नसते.

औसेकर
आज पुन्हा केलं. नवी डबी, हात साबणानं धुऊन कोरडे केले, सेंटरवर शिरेतून रक्त काढलं तेव्हाच मशीनवरही बघितलं. मशीन १५२, लॅब १४६. रक्त तिथंच फिरवून वेगळं करायला लावलं, पोरगा कुरकुरला. तीन महिन्यांच्या टेस्टचे पैसेही दिले, रिपोर्ट उद्या. तरी दर तीन महिन्याला लॅब हवीच, हे मला अजून पटलेलं नाही.

उदगीरची_सून
रिपोर्ट येईपर्यंत एकदा रात्री जेवणानंतर दोन तासांनी बघा की.

औसेकर
अण्णा आठला जेवतात, नऊला घोरतात. उठवायचं कुणी?