तीन ते सहा वर्षं: अंगणवाडी की कॉन्व्हेंट? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती: शिक्षणहक्क कायदा (२००९) सहाव्या वर्षापासून लागू होतो; त्याआधीची सोय कलम ११ ने सरकारच्या मर्जीवर सोडलीय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाला मात्र २०३० पर्यंत प्रत्येक लेकराला बालशिक्षण द्यायचंय. तुमच्या पोरांची ही वर्षं कुठे गेली? शाळांची नावं नकोत.

पारडीची आई: वस्तीतल्या अंगणवाडीत पोरगी रमली होती. गाणी, मणी ओवणं, खिचडी, बाईही मायाळू. पण दुपारी लेकरं घरी, अन् मी रात्रीपर्यंत इतवारीत कापडाच्या दुकानात. मग काय, कॉन्व्हेंट आणि त्यानंतर पाळणाघर. अर्धा पगार तिथेच जातो.

गोपालनगरचे आजोबा: एवढ्याशा पोट्ट्यांना शाळा कायले पाहिजे बाप्पा? आम्ही अंगणात खेळूनच मोठे झालो.

पारडीची आई: काका, आता अंगण कुठाय? अन् घरी आजी असती तर मीही नसतं पाठवलं.

कॉन्व्हेंट टीचर: आजोबांचं अर्धं पटतं. ज्या बोटांना पेन्सिल धरता येत नाही, त्यांच्याकडून आम्ही एबीसीडी गिरवून घेतो. वही कोरी गेली की पालकांचा फोन येतो. पगाराचं विचारू नका.

जरीपटक्याचे बाबा: शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांत लेकाचा नंबर लागला, पण थेट पहिलीत. त्याच शाळेत नर्सरी-केजी आहे. कायद्याप्रमाणे पूर्वप्राथमिक असेल तर जागा तिथपासूनच द्यायच्या. विचारलं तर म्हणतात, सरकार केजीची फी परत देत नाही. बाकी पोट्टे केजी करून आलेले, आमचा गडी पहिल्या दिवसापासून मागे.

अंगणवाडी सेविका, उत्तर नागपूर: आमचा ‘आकार’ हा अंगणवाडीचा अभ्यासक्रम खरंच चांगला आहे, पण शिकवायला कधी बसू? वजन-उंची घ्या, ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर भरा, गृहभेटी, लसीकरणाला बायकांना गोळा करा, वरून सर्वेक्षणं. तोवर लेकरं मदतनीसच्या भरवशावर. एवढं करून आम्ही मानधनावरच. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप उगाच नव्हता केला. पारडीच्या ताई, केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. आमच्याकडे अजून आलं नाही. आलं तर योजनेत आहे तशी वेगळी बाई द्या म्हणावं, नाहीतर तेही माझ्याच गळ्यात पडेल.